सव्वीस गुरू आणि अर्धा नारळ

नागपूरजवळच्या सौंसरमध्ये त्या काळात गुरू होणं फार सोपं होतं. विद्या लागत नसे, वय लागत नसे, जातपात तर कुणी विचारतच नसे. रस्त्याने जाताना एक चांगली शिंक आली तरी काम भागायचं. फक्त ती शिंक चक्कीवाल्या भाऊंच्या कानावर पडायला हवी. त्यांना ती आवडली आणि पुढे एखाद्या भजनात बसली, की गुरुपौर्णिमेच्या सकाळी भाऊ नारळ घेऊन तुमच्या दारात हजर. असा नारळ गावात कुणाकुणाला मिळाला याची यादी मला आजही पाठ आहे, कारण ऐंशीच्या दशकातली माझी चार वर्षं ती यादी वाढताना पाहण्यात आणि तिच्यात आपण का नाही म्हणून जळण्यात गेली.

मी पांढुर्ण्याचा. शाळामास्तर म्हणून बदली होऊन सौंसरला आलो तो पेटी बरोबर घेऊनच. नागपूरला जाऊन मी संगीताच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि त्या पास झालो होतो हे मी कुणालाही तिसऱ्या वाक्यात सांगत असे. भाऊंना पहिल्याच भेटीत सांगितलं. मी गव्हाचा डबा घेऊन चक्कीवर उभा होतो आणि भाऊ भुवयांपासून धोतरापर्यंत पांढरे होऊन डोळे मिटून गात होते. माझं ऐकून त्यांनी एक डोळा उघडला.

"परीक्षेत काय विचारते जी?"

"राग विचारतात, ताल विचारतात."

"आन् कोणाचं काय घेतलं, हे नाही विचारत?"

"नाही."

"मंग कायची परीक्षा?" म्हणाले आणि तो डोळा पुन्हा मिटून घेतला.

भाऊंचा तंबोरा म्हणजे ती आटाचक्की. पट्टा फिरायला लागला, की तिचा जो एक घोगरा सूर लागायचा तो भाऊंचा सा. वरून दाणे पडले की चक्की जरा दबायची, भाऊही दबायचे. व्होल्टेज उतरलं की सा उतरायचा. लाइट गेली, की भाऊ ओळीच्या मध्येच थांबायचे आणि दोन तासांनी लाइट आली, की त्याच अक्षरापासून पुढे सुरू व्हायचे. झिजलेल्या दगडांना टाकी लावून खरबरीत केलं त्या दिवशी तर ते कुणाशी बोलतच नसत. म्हणायचे, "आज माहा सा नवा आहे, जरा वळखी होऊ द्या." गिऱ्हाइकांना याचं काही वाटायचं नाही. पीठ बारीक येत होतं.

गुरुपौर्णिमेला पहिला नारळ या चक्कीलाच. मग पिशवी खांद्याला लावून भाऊ निघायचे ते दुपार कलेपर्यंत गावभर हिंडायचे. संत्र्याच्या बाजारात ढीग मोजणारा एक म्हातारा होता. "लाभऽ लाभऽ, दोनऽ दोनऽ" अशी, एकाला लाभ म्हणत, त्याची मोजणी चाले. त्याच्याकडून भाऊंनी श्वास कुठे घ्यायचा ते घेतलं होतं. शेळ्या हाकलणाऱ्या एका बाईचं "हाऽऽड्" त्यांनी तार सप्तकात जायला वापरलं होतं. तहसिलीच्या मागे एका कुंभाराचं गाढव बांधलेलं असे. त्यालाही नारळ होता. मी विचारलं, "भाऊ, गाढवाकडून काय घेतलं?" तर गंभीरपणे म्हणाले, "शेवट कसा करू नये ते." तो नारळ गाढवाच्या वतीने कुंभार घ्यायचा आणि संध्याकाळी त्याच्याकडे चटणी असायची.

नारळ देण्याची रीत ठरलेली होती. गुरूला पाटावर बसवायचं, पाया पडायचं आणि मग कोणती जागा घेतली ती गाऊन दाखवायची. जागा म्हणजे नेमकी तेवढीच, गाण्यातली ती चिमूटभर करामत. "तुमचं सगळंच चांगलं आहे" असलं काही भाऊंना चालत नसे. एकदा नागपूरचे एक मोठे गवई गावात येऊन गेले. सगळ्यांना वाटलं, आता भाऊ नारळ घेऊन धावणार. भाऊ जागचे हलले नाहीत. म्हणाले, "लय चांगले गाते. पण मी त्यायच्यापासून काही घेतलं नाही, तं झूठ कायले बोलू?" आणि त्याच संध्याकाळी शेळ्यांवाल्या बाईकडे जाऊन बसले.

गुरुपदाचे तोटेही होते. मोहगावच्या बसवर एक कंडक्टर होता. "मोहगाव, मोहगाव, मोहगाऽऽव" अशी त्याची आरोळी. तिसऱ्या मोहगावला तो आवाजाला असा काही मुरका द्यायचा, की चहा पिणारा माणूस कप ठेवून बसमध्ये जाऊन बसे, मग त्याला मोहगावला जायचं असो वा नसो. भाऊंनी तो मुरका उचलला आणि रीतसर नारळ दिला. कंडक्टर त्या दिवसापासून कामातून गेला. आरोळीत ताना घ्यायला लागला, एका मोहगावला मिनिट मिनिट लावायला लागला. बस रोज उशिरा सुटायची आणि लोक चढायचे कमी, ऐकायचे जास्त. भाऊ दुःखी झाले. "बिघडला," म्हणाले. "आधी बलावत होता, आता गाते." पण नारळ बंद केला नाही. घेतलेलं थोडंच परत करता येतं, असं त्यांचं म्हणणं.

लोक थट्टा करत, तेव्हा भाऊ दत्तात्रेयाचा दाखला देत. "दत्तानं चोवीस गुरू केले. माहे पंचवीस झाले. एक जास्त आहे, पण मले त्याचा गर्व नाही."

आता माझी बाजू सांगतो. भाऊंच्या भजन मंडळात मी चार वर्षं पेटी वाजवली. भाऊंचा चक्कीचा सा पेटीतल्या कुठल्याच पट्टीला तंतोतंत बसत नव्हता. केसभर खाली होता. म्हणून मी पांढुर्ण्याला जाऊन, शिकलेल्या माणसाला शोभणार नाही असं काम केलं. माझ्या चांगल्या पेटीचे सूर घासून घासून चक्कीला मिळवून आणले. आता ती पेटी जगात सौंसरच्या त्या एका चक्कीशिवाय कशाशीच जुळत नव्हती. एवढं केल्यावर माणसाला एका नारळाची आशा वाटली तर त्यात काय चुकलं? मला नारळ हवा होता हे मी स्पष्टच सांगतो. पगारवाढीची वाट पाहावी तशी मी गुरुपौर्णिमेची वाट पाहायचो. त्या दिवशी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसायचो. भाऊ समोरून गाढवाकडे जायचे आणि जाता जाता हात करायचे, "राम राम मास्तर!"

तिसऱ्या वर्षी मात्र ते फाटक उघडून आत आले. मी पाट मांडला आणि त्यावर बसलो.

भाऊ म्हणाले, "मास्तर, जरा उठता का जी? गुरुबाईले बसू द्या."

गुरुबाई म्हणजे माझी बायको. ती हाताला पीठ लागलेली तशीच बाहेर आली. भाऊंनी तिला पाटावर बसवलं, नारळ ठेवला आणि तिची जागा गाऊन दाखवली. ऐकून मला कुठे पाहावं कळेना.

त्याचं असं, की घरात बायको मला हाक मारायची ती तीनदा. पेटीवर बसलो, की पहिली हाक मला ऐकू येत नसे, आणि दुसरी आली तरी मी ती ऐकू येऊ देत नसे. पहिलं "अहो" साधं असायचं. दुसऱ्यात जरा धार. तिसरं "अहोऽऽऽ" मात्र वरच्या सुरावर उभं राहायचं आणि तिथून घसरत घसरत असं काही खाली यायचं, की त्यात संताप, कंटाळा, माया आणि जळणारी पोळी सगळं एकदम असायचं. त्या हाकेला मी हातातलं टाकून उठायचो. आमचं घर चक्कीच्या मागेच होतं. भाऊंनी ती हाक तीन वर्षं ऐकली आणि एका भजनात "देवाऽऽऽ" अशी जशीच्या तशी बसवली.

"आता अशी हाक मारल्यावर देव कसा येत नाही पाहू," भाऊ म्हणाले. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. सव्विसावी गुरू झाल्यावर आठवडाभर तिने स्वयंपाकही जरा ऐटीतच केला.

माझी गोची वेगळीच झाली. मंडळात ते भजन सुरू झालं आणि भाऊंनी "देवाऽऽऽ" म्हटलं, की माझे हात पेटीवरून उठायचे. गुडघे आपोआप सरळ व्हायचे. झांज वाजवणारे शेठजी माझ्या शेजारी बसत. माणूस आडदांड, संत्र्याचा व्यापार. ते माझा सदरा धरून मला खाली ओढायचे. तालमीत आम्ही हे असं निभावून नेत होतो.

चौथ्या वर्षी, चैत्रात, मोहगावला भजन स्पर्धा ठेवली. आमच्या मंडळाची ही पहिलीच स्पर्धा. परीक्षक नागपूरचे येणार होते, आणि मी मनात ठरवून टाकलं होतं, की जाणकारांसमोर पेटी अशी वाजवायची, की भाऊंना नारळ देण्यावाचून गत्यंतर राहू नये.

सकाळी निघायच्या आधी भाऊंनी चक्की सुरू केली, सा घेतला आणि तोंड मिटून "हं" असा धरून ठेवला. मी म्हटलं, "भाऊ, पेटी आहे ना, चक्कीला मिळवलेली!" त्यांनी खिशातला, दळणाचा हिशेब लिहायचा पाटीचा तुकडा काढून पेन्सिलीने लिहिलं, "पेटी बसमध्ये हलते." आणि स्टँडपर्यंत हुंकार देत चालत आले. श्वास घ्यायचा झाला, की ते शेठजींकडे बोट करायचे, तेवढ्यापुरता शेठजींनी तो सूर धरायचा, मग पुन्हा यांनी. दोघे गंभीर चेहऱ्याने एकमेकांना "हं" देत-घेत बसमध्ये बसले.

बस नेमकी त्याच कंडक्टरची.

"कुठी जाऊन राहिले भाऊ?"

"हंऽऽऽ."

"तब्येत बरी नाही काय?"

"हंऽऽऽ."

"अरे, गुरू इचारून राहिला, तरी शिष्य बोलत नाही!" कंडक्टर दुखावला. मी त्याला सगळं समजावलं, तर त्यानेही सूर पकडला. मोहगाव येईपर्यंत अर्धी बस हुंकारत होती. मागे बसलेल्या एका म्हातारीला वाटलं, इंजिन बिघडलं. ती मध्येच उतरून गेली.

मोहगावच्या मांडवात नवीनच प्रकार निघाला. गाण्याआधी प्रत्येक मंडळाच्या मुख्य गायकाने आपली गुरुपरंपरा आणि प्रेरणास्थान दोन शब्दांत सांगायचं. बाकीच्या मंडळींनी छान सांगितलं. कुणाचे गुरू हिमालयातून आले होते, कुणाला स्वप्नात दृष्टान्त झाला होता, एकाने तर घराण्याचं नाव इतकं लांब सांगितलं, की परीक्षकांनी मध्येच पाणी प्यायलं. मी भाऊंच्या कानात म्हटलं, "तुम्ही फक्त एवढंच म्हणा, आईवडिलांची कृपा. पुढे काही नाही. माझी शपथ."

भाऊंनी मान डोलावली, सा शेठजींच्या हवाली केला आणि माइकपुढे उभे राहिले.

"आईवडिलांची कृपा," ते म्हणाले. मला हायसं वाटलं. "आन् बाकी सव्वीस गुरू. पह्यली चक्की."

मग त्यांनी एकेक करून सगळे गुरू गाऊन दाखवले. "लाभऽ लाभऽ" झालं. "हाऽऽड्" झालं, तेव्हा मांडवाबाहेरच्या दोन शेळ्या खरोखर पळाल्या. कंडक्टरच्या मुरक्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पाठीमागे उभ्या असलेल्या कंडक्टरने हात जोडून त्या स्वीकारल्या. गाढवापर्यंत गाडी आली, तेव्हा सोनेरी चष्म्याच्या परीक्षकांनी टेबलावर पेन आपटलं.

"अहो, हे गुरू नव्हेत! परंपरा सांगा. तुमची प्रेरणा कुठून आली?"

भाऊंनी कानाला हात लावला. "कानातून जी," ते म्हणाले.

"बसा. गा आता."

आम्ही बसलो. शेठजी तोपर्यंत लालबुंद झाले होते, त्यांनी सा भाऊंना परत केला. आणि मग भाऊ गायले. मी खोटं बोलणार नाही, ते त्या दिवशी फार सुरेख गायले. हसणारा मांडव गप्प झाला. माझी बोटंही कधी नव्हे ती सुरेख चालत होती. परीक्षक माझ्याकडे पाहतायत हे मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं. आता नारळ कुठे जात नाही, असं वाटलं. आणि त्याच आनंदात मी डोळे मिटले.

डोळे मिटायला नको होते. भाऊंनी वरचा सूर धरला, तिथे उभे राहिले, आणि घसरत खाली आले, "देवाऽऽऽ!"

"आलो!" मी म्हणालो.

चांगला खणखणीत म्हणालो. पेटीपुढे माइक होता. तोपर्यंत मी उभाही राहिलो होतो, कारण शेठजी दमलेले, त्यांचा हात माझ्या सदऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही. भाऊ तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग कुणीतरी हसलं आणि सगळं मोहगाव हसायला लागलं.

आमचा नंबर आला नाही हे सांगायला नकोच. परीक्षकांच्या कागदावर आमच्या नावापुढे एक शेरा होता, तो आयोजकांनी वाचून दाखवला: "पेटीवाल्याने भजनात उत्तरे देऊ नयेत." परतीच्या बसमध्ये कंडक्टर दर थांब्याला "देवाऽऽऽ" म्हणायचा आणि सगळी बस ओरडायची, "आलो!" भाऊ खिडकीबाहेर पाहत होते. चक्कीपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

मी मंडळात जायचं बंद केलं. गहू दळायला दुसऱ्या टोकाच्या चक्कीवर नेऊ लागलो. तिथलं पीठ जाड यायचं, बायको कुरकुर करायची. शाळेत हजेरी घेताना पोरं "हजर" म्हणायच्या ऐवजी "आलो" म्हणायची. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर लाजेपेक्षा दुःख जास्त होतं. चार वर्षांची एक पेटी, सूर घासून वाया घालवलेली, आणि तिच्या बदल्यात मी त्या माणसाची एकुलती एक स्पर्धा घालवली होती.

गुरुपौर्णिमा आली. मी दाढी केली नाही. फाटक वाजलं, तेव्हा मी बायकोला म्हटलं, "तुझा नारळ आला," आणि मागच्या दाराने निघालो.

"मास्तर, बसा," भाऊंचा आवाज आला.

पाट त्यांनी स्वतःच मांडला होता. त्यांच्या पिशवीतून दोन नारळ निघाले. एक बायकोपुढे ठेवला. दुसरा हातात घेऊन माझ्याकडे पाहू लागले.

मी विचारलं, "पेटीचा आहे का, भाऊ?" अजूनही माझी आशा सुटली नव्हती.

"पेटी?" भाऊ गोंधळले. "पेटीचं काय? पेटी चांगली वाजवता तुम्ही. पण मी त्यातून काही घेतलं नाही." मग ते पाटासमोर बसले. "मास्तर, तीस साल झाले, मी देवाले आवाज देऊन राहिलो. रोज देतो. चक्कीवर देतो, मंडळात देतो. आजपावत कोणी ओ दिली नाही. मोहगावले पह्यल्यांदा कोणी तरी 'आलो' म्हटलं. मले घामच फुटला जी. बसमध्ये मी बोललो नाही, तं तुम्हाले वाटलं असन राग आला. राग नाही. मी पाहून राहिलो होतो का आता गाऊ कसं. आतापावत कोणी आयकत नाही असं समजून गात होतो ना."

त्यांनी माझ्या पायावर डोकं ठेवलं. मग ठरल्या रीतीप्रमाणे जागा म्हणून दाखवली. जागा एकच शब्दाची होती, "आलो." पण ती त्यांनी अशी म्हटली, की मला आपण काय म्हणालो होतो ते पहिल्यांदा कळलं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. बायको तर सरळ रडायलाच लागली. तेवढ्यात फाटकावरून कंडक्टर ओरडला, "भाऊ, माहा नारळ?"

त्यानंतर दोनच महिन्यांनी माझी बदली पुन्हा पांढुर्ण्याला झाली.

पुढच्या गुरुपौर्णिमेला मी बायकोला घेऊन पांढुर्ण्याहून सौंसरला गेलो. पिशवीत नारळ होता. भाऊंना चक्कीतच, पिठाच्या पोत्यावर पाट टाकून बसवलं आणि पाया पडलो.

"कोणती जागा?" भाऊंनी विचारलं.

"सगळंच, भाऊ. तुमच्याकडून मी सगळंच..."

"नारळ वापस न्या."

"भाऊ!"

"सगळंच म्हणजे काहीच नाही. जागा सांगा."

चक्की चालू होती. गिऱ्हाइकं डबे घेऊन बघत होती. नागपूरच्या परीक्षेतही इतकं अडलो नव्हतो. शेवटी जे खरं होतं ते बोललो, "भाऊ, पहिल्या हाकेला ओ द्यायला शिकलो. आता तिला तीनदा हाक मारावी लागत नाही."

भाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्याकडे नाही, बायकोकडे पाहिलं. "गुरुबाई, खरं सांगजा. पह्यल्या आवाजाले येते?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी विनवलं. पण तीही गुरू होती, आणि त्या घराण्यात खोटं चालत नव्हतं.

"दुसऱ्या," ती म्हणाली.

भाऊ उठले. चक्कीच्या लोखंडी पायावर नारळ फोडला, बरोबर अर्धा. एक कवड स्वतःच्या मांडीवर ठेवली, दुसरी माझ्या हातात परत दिली.

"अर्धी जागा आली, मास्तर. बाकीची आली का, मंग हे घेऊन या."

ती उरलेली कवड द्यायला मी सौंसरला गेलो नाही. कधी शाळेचं काम निघालं, कधी उन्हाळा, कधी आणखी काही. आणि पुढे भाऊच राहिले नाहीत. चक्कीही बंद पडली. माझी पेटी आता कशाशीच जुळत नाही, तरी मी ती विकलेली नाही.

हे एवढं लिहीत असताना आत्ता आतून हाक आली आहे. पहिलीच आहे, साधी. अजून पुष्कळ सांगायचं होतं, पण उठतो.